जोड कशी लावावी: ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या नव्या आवृत्तीत मॉन्स्टरची ताकद पार्टीशी जुळवण्याची पद्धत

कुस्तीच्या मैदानात नुसत्या वजनावर जोड लावली जात नाही. कोल्हापुरात खासबाग मैदानावर किंवा आसपासच्या गावांच्या यात्रांमध्ये जोड ठरताना ज्यांनी जवळून पाहिली आहे, त्यांना ठाऊक असते की वस्ताद मंडळी पैलवानाचे वजन तर विचारतातच, पण त्याला दम किती आहे, त्याचा हुकमी डाव कोणता आणि तो ताजातवाना आहे की कालच कुठे लढून आला आहे, हेही विचारतात. सारख्या वजनाचे दोन पैलवान समोरासमोर उभे केले आणि त्यांतला एक पहिल्याच मिनिटात चितपट झाला, तर ती जोड चुकली असेच सगळे म्हणतात.

डंजन्स अँड ड्रॅगन्स हा मेजाभोवती बसून, कल्पनेतली पात्रे घेऊन फाशांनी खेळायचा खेळ आहे; खेळाडूंच्या पात्रांचा गट म्हणजे पार्टी आणि तिच्यासमोर येणारे शत्रू म्हणजे मॉन्स्टर. प्रत्येक मॉन्स्टरसमोर छापलेले चॅलेंज रेटिंग, म्हणजे त्याच्या ताकदीचा आकडा, हे असे वजन आहे. ते उपयोगी आहे आणि ते पाहिल्याशिवाय चकमक रचू नये, परंतु त्या एका आकड्यावर विसंबून रचलेली चकमक अनेकदा एकतर्फी होते: कधी मॉन्स्टर दीड राऊंडमध्ये (एका राऊंडमध्ये प्रत्येकाला एक पाळी मिळते) संपतो, तर कधी चार मित्रांनी महिनोन्महिने जपलेली पात्रे एका संध्याकाळी मरतात. राजारामपुरीतल्या एका घराच्या माडीवर आम्ही दर रविवारी खेळतो आणि डीएमची, म्हणजे खेळ चालवणाऱ्या ‘डंजन मास्टर’ची, जबाबदारी माझ्याकडे असते. जुन्या नियमांवरून नव्या नियमांवर येताना माझ्या हातून ज्या चुका झाल्या, त्यांतून तयार झालेली पद्धत मी इथे क्रमवार मांडत आहे. तिचा गाभा असा की चॅलेंज रेटिंगचा आकडा शेवटी दोन प्रश्नांत उतरवून पाहावा: हा मॉन्स्टर आपल्या पार्टीसमोर किती राऊंड टिकेल, आणि आपल्या पार्टीतले सर्वांत नाजूक पात्र त्याच्यासमोर किती राऊंड टिकेल.

नव्या आवृत्तीत नेमके काय बदलले

हा खेळ १९७४ साली प्रथम प्रसिद्ध झाला आणि त्याची पाचवी आवृत्ती २०१४ साली आली. त्याच पाचव्या आवृत्तीचे सुधारित नियम २०२४ मध्ये निघाले. खेळाडूंचे पुस्तक सप्टेंबरमध्ये आणि डीएमचे मार्गदर्शक नोव्हेंबरमध्ये आले, तर मॉन्स्टर मॅन्युअल फेब्रुवारी २०२५ मध्ये आले. आपल्याकडे अनेक गट अजून जुन्या पुस्तकातले मॉन्स्टर आणि नव्या पुस्तकातली पात्रे एकत्र खेळवतात, आणि असंतुलनाची बरीचशी तक्रार तिथूनच सुरू होते. ज्यांना तिन्ही पुस्तके घेणे परवडत नाही, त्यांच्यासाठी २०२५ साली क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली मोफत उपलब्ध झालेला सिस्टिम रेफरन्स डॉक्युमेंट ५.२ पुरेसा आहे; त्यात नेहमीच्या वापरातले बहुतेक मॉन्स्टर नव्या स्वरूपात मिळतात.

पात्रांच्या बाजूने पाहिले तर ती स्पष्टपणे बळकट झाली आहेत. जखमा भरणारा ‘क्युअर वून्ड्स’ हा स्पेल, म्हणजे मंत्र, पूर्वी आठ बाजूंच्या एका फाशाइतके बरे करत असे, आता दोन फाशांइतके करतो. ‘हीलिंग वर्ड’चेही तसेच दुप्पट झाले आहे. औषधाची कुपी आता मुख्य कृती राखून बोनस अ‍ॅक्शनमध्ये पिता येते, त्यामुळे वार करायची पाळी वाया जात नाही. फायटरसारख्या पात्रांना निवडक शस्त्रांचे खास कसब मिळाले आहे, आणि मोठी तलवार चालवणाऱ्याचा वार चुकला तरी थोडी इजा होतेच. अचानक हल्ल्याचा नियमही सौम्य झाला आहे. पूर्वी गाफील सापडलेल्याची पहिली पाळी पूर्ण बुडत असे, आता त्याला फक्त पाळीचा क्रम ठरवणारा इनिशिएटिव्हचा फासा डिसअ‍ॅडव्हांटेजने (दोनदा टाकून कमी आकडा धरत) टाकावा लागतो.

मॉन्स्टरही जागच्या जागी राहिलेले नाहीत. साध्या गॉब्लिनचे हिट पॉइंट, म्हणजे किती इजा सोसल्यावर तो पडेल तो आकडा, ७ होते, ते आता १० आहेत. ओगरचे ५९ होते, ते ६८ झाले आहेत. त्याहून महत्त्वाचा बदल असा की अनेक मॉन्स्टरांच्या वाराबरोबर जो जादा परिणाम होतो, त्यासाठी आता सेव्हिंग थ्रो (परिणाम टाळण्यासाठी टाकायचा फासा) मिळत नाही. जुना लांडगा चावला की पात्राला उभे राहण्यासाठी सेव्हिंग थ्रो टाकता येत असे. नवा लांडगा चावला की मध्यम आकाराचे पात्र सरळ आडवे होते. आडव्या पात्राला उठण्यासाठी निम्मी चाल खर्चावी लागते आणि तोवर जवळच्या प्रत्येक शत्रूला त्याच्यावर दोनदा फासा टाकून मोठा आकडा घेण्याचा अ‍ॅडव्हांटेज मिळतो. लांडग्याचे चॅलेंज रेटिंग पाव होते आणि आजही पावच आहे, परंतु त्या पावाचा अर्थ बदलला आहे. म्हणून नव्या स्टॅट ब्लॉकमधले (मॉन्स्टरच्या आकड्यांच्या चौकटीतले) हिट पॉइंट पाहण्याआधी वारानंतरची वाक्ये वाचावीत, असा माझा आग्रह आहे.

पहिली पायरी: पार्टीचा कागद

मॉन्स्टर निवडण्याआधी एका कागदावर पार्टी मांडावी. प्रत्येक पात्राचे हिट पॉइंट, आर्मर क्लास (वार लागण्यासाठी शत्रूला गाठावा लागणारा आकडा), हल्ल्याचा बोनस (वाराच्या फाशात मिळवायचा आकडा), एका वाराची सरासरी इजा आणि दिवसभरात उरलेले स्पेल, एवढे पुरे. सरासरी काढणे सोपे आहे: फाशाच्या बाजूंत एक मिळवून निम्मे करावे, म्हणजे सहा बाजूंच्या फाशाची सरासरी साडेतीन आणि आठ बाजूंच्या फाशाची साडेचार येते. वार लागण्याची शक्यता काढण्यासाठी शत्रूच्या आर्मर क्लासमधून हल्ल्याचा बोनस वजा करावा, आलेली संख्या २१ मधून वजा करावी आणि २० ने भागावे. आर्मर क्लास १३ आणि बोनस ५ असेल तर वीसपैकी तेरा वेळा, म्हणजे ६५ टक्के वेळा वार लागतो.

आमच्या पार्टीत फायटर (लढवय्या), क्लेरिक (बरे करणारा पुजारी), रेंजर (रानातला शिकारी) आणि विझर्ड (जादूगार) अशी चार पात्रे आहेत. ती तिसऱ्या लेव्हलला असताना, आर्मर क्लास १३ असलेल्या एका शत्रूवर सगळ्यांनी मिळून साधे हल्ले केले तर त्यांची एका राऊंडची अपेक्षित इजा सुमारे २२ येत होती, आणि विझर्डने ‘स्कॉर्चिंग रे’ खर्च केला तर ती ३२ च्या आसपास जात होती. हे दोन आकडे मी कागदाच्या माथ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवले होते, कारण पुढचे सगळे हिशेब त्यांच्यावर उभे राहतात. तुमच्या पार्टीत दोन बार्बेरियन असतील तर हे आकडे बरेच वेगळे येतील. पुस्तकाला ते ठाऊक असण्याचे कारण नाही, तुम्हाला मात्र ते ठाऊक असलेच पाहिजेत.

लेव्हल वाढली की हा कागद नव्याने करावा. विशेषतः चौथ्यावरून पाचव्या लेव्हलला जाताना उडी फार मोठी आहे. लढवय्या पात्रांना दुसरा हल्ला मिळतो, विझर्डला ‘फायरबॉल’ मिळतो आणि त्याची सरासरी एकट्याची २८ आहे. पुस्तकही हे मान्य करते, कारण मध्यम चकमकीसाठी प्रत्येक पात्रामागे धरायचे एक्सपी (मॉन्स्टर हरवल्यावर मिळणारे अनुभवाचे गुण) चौथ्या लेव्हलला ३७५ आहेत, तर पाचव्या लेव्हलला एकदम ७५० आहेत.

दुसरी पायरी: एक्सपीचे अंदाजपत्रक, आणि त्यातली खोच

नव्या मार्गदर्शकात प्रत्येक लेव्हलसाठी कमी, मध्यम आणि जास्त अशा तीन काठिण्यपातळ्या दिल्या आहेत आणि प्रत्येक पात्रामागे किती एक्सपी खर्च करायचे ते सांगितले आहे. पहिल्या लेव्हलला ते ५०, ७५ आणि १०० आहेत, दुसऱ्या लेव्हलला १००, १५० आणि २००, तर तिसऱ्या लेव्हलला १५०, २२५ आणि ४००. पात्रांच्या संख्येने गुणले की एकूण रक्कम मिळते आणि तेवढ्या एक्सपीचे मॉन्स्टर निवडायचे असतात. जुने कोष्टक शेजारी ठेवले तर लक्षात येते की सुरुवातीच्या लेव्हलना आजची ‘कमी’ म्हणजे जुनी मध्यम, आजची ‘मध्यम’ म्हणजे जुनी कठीण आणि आजची ‘जास्त’ म्हणजे जुनी प्राणघातक पातळी आहे.

आकडे सारखेच राहिले आणि नावे बदलली, एवढेच असते तर प्रश्न नव्हता. परंतु जुन्या नियमांत मॉन्स्टरांच्या संख्येनुसार एक गुणक लावावा लागत असे: दोन मॉन्स्टर असतील तर दीडपट, तीन ते सहा असतील तर दुप्पट, सात ते दहा असतील तर अडीचपट. नव्या नियमांत हा गुणक काढून टाकला आहे. हिशेब त्यामुळे सुटसुटीत झाला, हे खरेच. पण नवीन डीएम इथेच सर्वांत जास्त फसतो आणि मीही इथेच फसलो.

आमची पार्टी दुसऱ्या लेव्हलला होती. एका खिंडीत मी आठ गॉब्लिन दडवून ठेवले. एका गॉब्लिनचे ५० एक्सपी, म्हणजे आठांचे ४००. चार पात्रांसाठी दुसऱ्या लेव्हलची ‘कमी’ पातळीची मर्यादा बरोबर ४०० आहे. पुस्तक सांगते की मॉन्स्टरांची संख्या पात्रांच्या दुपटीपेक्षा जास्त असेल तर सावध राहावे. माझे आठ गॉब्लिन चार पात्रांच्या नेमके दुप्पट होते, त्यामुळे तो इशाराही मला लागू झाला नाही. चकमक हलकी आहे असे समजून मी ती मांडली. जुना गुणक लावला असता तर त्याच चकमकीची किंमत १,००० एक्सपी झाली असती आणि ती जुन्या प्राणघातक मर्यादेच्या, म्हणजे ८०० च्या, बरीच वर गेली असती.

आता पहिल्या राऊंडचा हिशेब पाहा. पात्रांचा सरासरी आर्मर क्लास १५ आणि गॉब्लिनचा बोनस ४, म्हणजे वार निम्म्या वेळा लागतो. पण गॉब्लिन लपलेले होते, त्यामुळे त्यांना अ‍ॅडव्हांटेज होता आणि शक्यता ७५ टक्क्यांवर गेली. शिवाय नव्या गॉब्लिनला अ‍ॅडव्हांटेज असेल तर सरासरी ५ इजेवर आणखी २ मिळतात. आठ बाण, ७५ टक्के, प्रत्येकी ७, म्हणजे ४२ इजा. चारही पात्रांचे मिळून हिट पॉइंट ६७ होते. विझर्ड आणि क्लेरिक पहिल्याच राऊंडमध्ये कोसळले आणि फायटर खेळणारा आमचा मित्र फासा हातात धरून म्हणाला, “आरं, आमची पाळी येणार हाय का नाही?” त्याच्या आवाजातली निराशा मला अजून आठवते, कारण त्याने काहीही चुकीचे केले नव्हते, चूक चकमक रचणाऱ्याची होती.

त्या दिवसापासून मी एक्सपीच्या हिशेबानंतर एक स्वतंत्र मोजणी करतो. सगळ्या मॉन्स्टरांनी पहिल्या राऊंडमध्ये पूर्ण जोर लावला तर अपेक्षित इजा किती, ते काढायचे आणि ती पार्टीच्या एकूण हिट पॉइंटांच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त असेल तर चकमक बदलायची. ६७ चा एक तृतीयांश म्हणजे सुमारे २२. माझे ४२ त्याच्या जवळपास दुप्पट होते. ही एक तृतीयांशाची रेघ पुस्तकातली नाही, ती माझी आहे. मोहिमेच्या शेवटच्या लढाईत मी ती निम्म्यापर्यंत सैल करतो, परंतु त्यापुढे कधीच जात नाही.

तिसरी पायरी: दोन्ही बाजूंचा दम

यानंतर मॉन्स्टरचे हिट पॉइंट पार्टीच्या एका राऊंडच्या इजेने भागावेत. उत्तर दीडच्या खाली आले तर मॉन्स्टरला स्वतःचे वैशिष्ट्य दाखवायला वेळच मिळणार नाही. सहाच्या वर गेले तर शेवटचे दोन राऊंड कंटाळवाणे होतील. महत्त्वाच्या लढाईसाठी तीन ते चार राऊंड मला योग्य वाटतात, तर वाटेतल्या किरकोळ चकमकीसाठी दोन पुरतात.

दुसऱ्या बाजूने पार्टीतल्या सर्वांत नाजूक पात्राकडे पाहावे. इथे सरासरीबरोबर कमाल इजाही तपासावी लागते, कारण एक नियम अनेकांच्या नजरेतून सुटतो: वाराने हिट पॉइंट शून्यावर आल्यावर जी इजा शिल्लक राहते, ती पात्राच्या कमाल हिट पॉइंटांइतकी किंवा त्याहून जास्त असेल तर पात्र जागीच मरते, डेथ सेव्हिंग थ्रोची संधीही मिळत नाही.

ओगरचे उदाहरण घेऊ. चॅलेंज रेटिंग २, एक्सपी ४५०. पहिल्या लेव्हलच्या चार पात्रांची ‘जास्त’ मर्यादा ४००, म्हणजे ओगर मर्यादेच्या जेमतेम वर आहे आणि ‘थोडे कठीण जाईल इतकेच’ असे वाटते. त्याच्या सोट्याची इजा आठ बाजूंचे दोन फासे अधिक ४, सरासरी १३. समोर ७ हिट पॉइंटांचा विझर्ड आहे. वार लागला की तो जवळजवळ नक्की पडणार, कारण ७ पेक्षा कमी इजा होण्याची शक्यता चौसष्टात एक आहे. पण १४ किंवा जास्त इजा झाली तर तो जागीच मरेल, आणि दोन फाशांची बेरीज १० किंवा जास्त येण्याची शक्यता चौसष्टात अठ्ठावीस, म्हणजे जवळपास ४४ टक्के आहे. पूर्ण बरे असलेले पात्र, एक साधा लागलेला वार, आणि मृत्यूची शक्यता नाणेफेकीपेक्षा थोडीच कमी. पहिल्या लेव्हलला मी ओगर ठेवतो तेव्हा तो झोपलेला असतो किंवा पुलापलीकडे असतो, आणि त्याला टाळून जाण्याची वाट मी आधीच पात्रांच्या नजरेस आणून देतो.

म्हणून माझी कसोटी अशी आहे: सरासरी वाराने नाजूक पात्र पूर्ण स्थितीतून शून्यावर येऊ नये, आणि क्रिटिकल (फाशावर २० आल्यावर जादा इजा करणारा वार) सोडून कोणत्याही एका वाराने जागीच मृत्यू येऊ नये. पहिल्या दोन लेव्हलना ही कसोटी काटेकोरपणे पाळावी. पाचव्या लेव्हलनंतर तिची गरज आपोआप कमी होते.

चौथी पायरी: जागा

पन्हाळ्याहून विशाळगडाकडे जाणारी वाट चाललेल्या माणसाला जागेचे महत्त्व वेगळे समजावून सांगावे लागत नाही. जुलै १६६० मध्ये बाजीप्रभू देशपांडे यांनी घोडखिंड लढवली ती अशासाठी की तिथे पाठलागावरच्या मोठ्या फौजेला एकदम अंगावर येता येत नव्हते. खेळाच्या नकाशावर एक चौकोन पाच फुटांचा असतो, म्हणजे दहा फुटांच्या खिंडीत दोनच गॉब्लिन शेजारी शेजारी उभे राहून तलवार चालवू शकतात. त्यांची एका राऊंडची अपेक्षित इजा फक्त ५ होते, मग मागे सहा उभे असोत की साठ. तेच आठ गॉब्लिन वरच्या कड्यावर धनुष्ये घेऊन बसले की काय होते, ते वर पाहिलेच. चॅलेंज रेटिंगला यातले काहीच दिसत नाही.

त्यामुळे नकाशा काढल्यावर एकच प्रश्न विचारावा: पहिल्या राऊंडमध्ये प्रत्यक्षात किती मॉन्स्टर वार करू शकतील? पहिल्या राऊंडच्या मोजणीत तीच संख्या धरावी.

पाचवी पायरी: स्वतःचा मॉन्स्टर घडवणे

आपल्या मेजावर आपल्या मातीतले प्राणी आणि भुतेखेते आली की खेळाडूंचे डोळे चमकतात, हे मी अनेकदा अनुभवले आहे. राधानगरी आणि दाजीपूरच्या जंगलातला गवा इथल्या प्रत्येकाला माहीत आहे. म्हणून तिसऱ्या लेव्हलच्या पार्टीसाठी मी देवराईची राखण करणारा एक मंत्रभारित गवा घडवला. २०२४ च्या मार्गदर्शकात कोऱ्या पानापासून मॉन्स्टर घडवण्याचे जुने कोष्टक नाही, तिथे भर आहे तो असलेल्या मॉन्स्टरमध्ये फेरफार करण्यावर. पण २०१४ चे कोष्टक आजही आधाराला धरता येते.

त्या कोष्टकात बचाव आणि आक्रमण यांची रेटिंग वेगवेगळी काढून त्यांची सरासरी घेतात. गव्याला मी ९५ हिट पॉइंट दिले. कोष्टकात ८६ ते १०० म्हणजे बचावाचे रेटिंग २. आर्मर क्लास १३ ठेवला, तो त्या रेटिंगला अपेक्षित तेवढाच असल्याने फरक पडत नाही. आक्रमणात शिंगांचा एक वार, सरासरी १४, आणि खुरांचा एक वार, सरासरी १२. एकूण २६, म्हणजे रेटिंग ३. त्या रेटिंगला अपेक्षित हल्ल्याचा बोनस ४ आहे, मी ६ दिला. अपेक्षेपेक्षा दोन जास्त असले की रेटिंग एकाने वाढते, म्हणून आक्रमणाचे रेटिंग ४. दोन आणि चारची सरासरी ३, एक्सपी ७००. तिसऱ्या लेव्हलच्या चार पात्रांसाठी ‘कमी’ मर्यादा ६०० आणि ‘मध्यम’ मर्यादा ९००, म्हणजे गवा बरोबर मध्ये बसला. पार्टीची इजा २२ ते ३२ धरली तर तो तीन ते साडेचार राऊंड टिकणार. इथवर सगळे उत्तम.

मग मी विझर्डकडे पाहिले. हिट पॉइंट १७, ‘मेज आर्मर’चे मंत्रकवच घेतल्यावर आर्मर क्लास १५. गव्याचा प्रत्येक वार ६० टक्के वेळा लागणार, दोन्ही वार लागण्याची शक्यता ३६ टक्के, आणि दोन्ही लागले तर सरासरी २६ इजा. म्हणजे गवा विझर्डवर गेला तर तीनात एकदा तो एकाच पाळीत पडणार. रेटिंग एकूण इजा मोजते, ती एकाच्याच अंगावर पडते की दोघांत वाटली जाते हे मोजत नाही. आणि मेजावर सगळा फरक तिथेच पडतो.

यावर इजा कमी करण्याचा मोह होतो. मी ती कमी केली नाही. दोन गोष्टी बदलल्या. पहिली अशी की खुरांचा वार शिंगांच्या वारापेक्षा वेगळ्या लक्ष्यावरच करता येईल आणि तो गव्याच्या पाळीत न होता पुढच्या पात्राची पाळी संपल्यावर होईल. यामुळे एकट्या मॉन्स्टरची नेहमीची अडचणही सुटली: चार पात्रांच्या चार पाळ्या आणि त्याची एकच, असे असले की तो मधल्या काळात निव्वळ उभा राहून मार खातो. दुसरा बदल असा की धडकेच्या आदल्या राऊंडला गवा फुत्कारतो आणि पुढचा पाय जमिनीवर घासतो, असे मी वर्णनातून सांगायचे. ज्याने ते लक्षपूर्वक ऐकले, तो सरळ रेषेतून बाजूला होतो. मॉन्स्टरची ताकद तेवढीच ठेवून चकमक न्याय्य करण्याचा हा मार्ग मला फार मोलाचा वाटतो, कारण त्यात खेळाडूच्या सावधपणाला किंमत मिळते.

खऱ्या गव्याच्या स्वभावाशीही ते जुळते. तो विनाकारण अंगावर येत नाही, आणि माझ्या देवराईतला गवाही कुऱ्हाड खाली ठेवणाऱ्याला वाट देतो.

जुन्या साहसकथांतले मॉन्स्टर नव्या पात्रांसमोर आणताना हीच मोजणी करावी. नवा स्टॅट ब्लॉक उपलब्ध असेल तर तोच घ्यावा. नसेल तर सरसकट हिट पॉइंट वाढवण्याऐवजी आधी राऊंड मोजावेत. तीन येत असतील तर हात लावू नये.

सहावी पायरी: रंगीत तालीम

महत्त्वाच्या चकमकीआधी शनिवारी रात्री एकट्याने वही आणि फासे घेऊन ती दोनदा खेळून पाहावी. अर्धा तास लागतो. पहिल्या वेळी पात्रांना शहाणपणाने खेळवावे, दुसऱ्या वेळी त्यांना चुका करू द्याव्यात: क्लेरिक फार पुढे गेला, विझर्डने स्पेल वाया घालवला, अशा नेहमीच्या चुका. शहाणपणाने खेळूनही कोणी मेले तर चकमक कठीण आहे. चुका करूनही कोणाला ओरखडा आला नाही तर ती सोपी आहे. पार्टी दिवसभरातली तिसरी लढाई लढत असेल, तर तालमीतही तिचे स्पेल आणि हिट पॉइंट तेवढेच कमी करून घ्यावेत. कालच लढून आलेल्या पैलवानाची गोष्ट इथे तंतोतंत लागू होते.

सातवी पायरी: मेजावर

एवढे करूनही फासे कधीकधी उलटे पडतात. अशा वेळी अनेक डीएम पडद्याआड फासा बदलून सांगतात. मी तसे करत नाही आणि करू नये असे कळकळीने सुचवतो, कारण खेळाडूंना ते आज ना उद्या कळते आणि मग त्यांच्या विजयाचीही किंमत जाते. बदलायचेच असेल तर मॉन्स्टरचे वागणे बदलावे. अर्धे साथीदार मेलेले पाहून गॉब्लिन पळून जातो, लांडगा मिळालेला घास ओढून नेतो, डाकू खंडणीसाठी पात्राला जिवंत पकडतो. हे पर्याय चकमक रचतानाच लिहून ठेवावेत, म्हणजे ऐनवेळी दयेपोटी सुचल्यासारखे वाटत नाहीत.

हिट पॉइंटांची गोष्ट थोडी वेगळी आहे. ओगरचे ६८ ही सरासरी आहे; त्याचे फासे पाहिले तर तो ३२ पासून १०४ पर्यंत कितीचाही असू शकतो. अनुभवी पार्टीसमोर ८५ चा ओगर आणणे नियमाला धरूनच आहे, मात्र तो आकडा लढाईआधी ठरवावा आणि लढाई सुरू झाल्यावर त्याला हात लावू नये.

दुसरी तुकडी राखून ठेवणे हे सर्वांत सोपे साधन आहे. ती तिसऱ्या राऊंडला येणार असे ठरवावे, तिचे शिंग दुसऱ्या राऊंडला दुरून ऐकू यावे, आणि तिला अडवण्याचा एखादा मार्ग नकाशावर असावा.

वही

चकमक संपल्यावर पाच मिनिटांत चार नोंदी कराव्यात: किती राऊंड चालली, एका राऊंडमध्ये पार्टीने जास्तीत जास्त किती इजा केली, कोण शून्यावर आले आणि कोणते स्पेल खर्च झाले. पहिल्या पायरीतल्या कागदावरचे अपेक्षित आकडे आणि हे प्रत्यक्ष आकडे शेजारी लिहावेत. आमच्या मेजावर रेंजर अपेक्षेपेक्षा नेहमी जास्त इजा करतो आणि क्लेरिक जवळजवळ कधीच हल्ला करत नाही, हे मला अशा नोंदींतूनच कळले, आणि त्यानुसार मी माथ्यावरचे आकडे दुरुस्त केले.

त्या खिंडीतल्या चकमकीत शेवटी गॉब्लिनांनी सगळ्यांना बांधून नेले होते. सुटका करून घेतल्यावर पार्टीने त्याच खिंडीतून परत जायचे ठरवले, तेव्हा मी ती नव्याने रचली: कड्यावर तीन गॉब्लिन लपलेले, आणि तिसऱ्या राऊंडला खालच्या वाटेने आणखी दोघे त्यांच्या नायकासह. नायकाचे चॅलेंज रेटिंग १, म्हणजे २०० एक्सपी, एकूण ४५०. आधीच्या चकमकीपेक्षा ५० एक्सपी जास्त, परंतु पहिल्या राऊंडची अपेक्षित इजा ४२ वरून १६ वर आली होती. वहीत त्या पानावर लिहिले आहे: पाच राऊंड, क्लेरिक एकदा शून्यावर, विझर्ड ३ हिट पॉइंटांवर उभा, नायक पळाला. खाली फायटर खेळणाऱ्या मित्राने स्वतःच्या अक्षरात लिहिले आहे की त्या नायकाला पुढच्या रविवारी शोधायचे आहे.